सीट बेल्ट लावलेल्या गोण्या

आयुष्यभर मला पगार मिळाला तो संशय घेण्याबद्दल. रेल्वेत होतो, नव्या डब्यांच्या चाचणीच्या कामावर. कारखान्यात डबा तयार झाला, रंग लागला, हार पडला, साहेबांनी नारळ फोडला, की तो आमच्याकडे यायचा. आणि हा डबा वाईटच आहे असं धरून आम्ही कामाला लागायचो. तो चांगला आहे हे सिद्ध करणं डब्याचं काम. माणसांऐवजी त्यात वाळूच्या गोण्या भरायच्या, रुळांवरून खडखडवत न्यायचा आणि कुठं काय तुटतं ते आनंदानं बघायचं. आनंदानं हा शब्द मी मागं घेणार नाही.

निवृत्तीनंतर अमरावतीला परतायचं ठरलं होतं, पण लखनौतच राहिलो. विकास नगरात घर झालं, मुलगी इथंच शिकली, आणि बायकोला इथल्या भाजीवाल्यांशी भांडायचा इतका सराव झाला की तिकडच्यांशी नव्यानं सुरुवात करायचा तिला कंटाळा आला. नोकरी सुटली तरी खोड सुटली नाही. नवा गॅसचा रेग्युलेटर आला की मी साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतो. पाहुण्यांनी आणलेली मिठाई आधी मी खातो, इतरांच्या सुरक्षिततेसाठी. बायको म्हणते, "अजी, मला पाहायला आले तेव्हा माझी चाचणी काहून नाही घेतली?" मी म्हणतो, घेतली असती तर तूच मला नापास केलं असतंस. हा वाद आमच्याकडे दिवाबत्तीच्या वेळेला रोज होतो.

मुलगीही इंजिनियर झाली, पण माझ्या उलट. मी वस्तू मोडून बघायचो, ती जोडते. मराठी तिला सगळी कळते; बोलायला सुरुवातही मराठीत करते आणि वाक्याच्या मध्यावर हिंदीच्या गाडीत चढते. बख्शी का तालाब नावाच्या गावाच्या पलीकडे, गव्हाच्या शेतांमध्ये एक लांबलचक शेड आहे, तिथं ती नोकरीला लागली. शेडचा मालक पूर्वी ई-रिक्षा बनवायचा. आता त्याच्या डोक्यात आलं होतं, की नवरा-बायको आणि दोन पोरं एका स्कूटरवर जातात, त्यांना परवडेल अशी विजेवरची छोटी चारचाकी बनवायची. दारं असलेली, छत असलेली, मागं दोघं बसतील अशी.

गाडी तयारही झाली. अडलं होतं बॅटरीपाशी. अशा गाडीत सगळ्यांत महाग वस्तू बॅटरी. मुलीनं लहान बॅटरी धरून गाडी आखली होती: शहरातला माणूस दिवसभर फिरून फिरून किती फिरणार, संध्याकाळी घरी येऊन मोबाइलसारखी लावेल चार्जिंगला. मालकाचं म्हणणं, गिऱ्हाईक दुकानात आल्यावर पहिला प्रश्न विचारतं, "कितना चलेगी?" तेव्हा मोठी बॅटरी टाका. मोठी टाकली की किंमत चढली आणि स्कूटरवाला परत स्कूटरवर. शेवटी मालकानं तोडगा काढला. काही गाड्या ओळखीच्या घरी महिनाभर वापरायला द्यायच्या. गाडीतल्या सिमकार्डातून सगळी माहिती शेडमध्ये पोचेल. लहान बॅटरी पुरली तर ठीक, नाहीतर मोठी.

"आणि मोठी ठरली तर?" मी फोनवर विचारलं.

"तर मी तिथं नाही राहणार, बाबा. महँगी छोटी गाड़ी तो कोई भी बना लेगा." मग जरा थांबून म्हणाली, "एक गाडी आपल्या घरी पाठवू?"

तिथंच माझ्या डोक्यात घंटा वाजली. आपल्या घरी का? बाप तक्रार करणार नाही म्हणून? की मालकानंच सुचवलं असेल, तुम्हारे पिताजी तो रेलवे में थे, त्यांचा शब्द वजनदार? आणि मी चांगलं म्हणालो तर लोक म्हणतील, बापच तो, चांगलंच म्हणणार. असं म्हणणाऱ्यांत सगळ्यांत पुढं मी असतो. म्हणून मनाशी ठरवलं: गाडी लेकीची आहे हे विसरायचं. ती डबा आहे असं समजायचं.

गाडी आली. दुधी रंगाची, गोंडस, चाचणीची तात्पुरती नंबरपट्टी लावलेली. इतकी गोंडस की मला पहिल्या दिवसापासून आवडेना. किल्ली फिरवायची नव्हती, बटण होतं. दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. घरघर नाही, थरथर नाही. मुलीला फोन लावला, "गाडी सुरूच होत नाही तुझी."

"बाबा, चालू है. आवाज नाही करत ती."

"आवाज न करता चालू राहणारी गोष्ट विश्वासाची नसते," असं म्हणत मी पेडलवर पाय दाबला आणि गाडी माझ्या वाक्याचा शेवट न ऐकताच पुढं जाऊन कढीपत्त्याच्या कुंडीवर चढली. कुंडी बायकोची होती. गाडीला ओरखडा उमटला, कुंडीचे दोन तुकडे झाले, आणि त्या महिन्यात वरणाला फोडणी बिनकढीपत्त्याची पडली ती पडलीच.

आता चाचणी. इथं थोडं समजून घ्या, कारण पुढचा सगळा गाढवपणा याच्यावर उभा आहे. रेल्वेत डब्याची परीक्षा कधीही बाकांच्या हिशोबानं घेत नाहीत. बाकांवर मावतात तितकीच माणसं डब्यात चढतात, असं या देशात कुठल्या शहाण्याला वाटतं? छठच्या दिवसांत बिहारकडे जाणाऱ्या गाडीत दार, संडास, सामानाच्या फळ्या, सगळीकडे माणूस असतो. आम्ही गोण्या भरायचो त्या तेवढ्या गर्दीच्या. तेव्हा चार माणसांची गाडी म्हणजे माझ्या हिशोबानं सात माणसं आणि त्यांचं सामान. साडू आला तर त्याला काय रस्त्यावर सोडणार?

सेक्टरच्या कोपऱ्यावर मौरंगचं दुकान आहे; मौरंग म्हणजे बांधकामाची जाड वाळू. तिथून गोण्या भरून घेतल्या. दुकानातल्या दोन धडधाकट गड्यांनी त्या गाडीत चढवल्या: मागच्या बाकावर, डिकीत, आणि ड्रायव्हरशेजारी दोन, एकीवर एक.

"ही पुढची कोण?" बायकोनं विचारलं.

"तू."

"दोन्ही?"

मी डिकी लावायला मागं गेलो. ती आत गेली आणि भांडी नेहमीपेक्षा मोठ्यानं वाजली.

गाडी मात्र गप्प बसेना. आसनावर वजन आहे आणि बेल्ट नाही म्हणून ती टिंग टिंग करत राहिली. मग आसनांवरच्या सगळ्या गोण्यांना बेल्ट लावले. शेजारपाजारच्यांनी बघू नये म्हणून वरून चादरी घातल्या, एक फुलाफुलांची, एक निळी. आता लांबून बघणाऱ्याला गाडीत काही माणसं तोंडावर पांघरूण घेऊन झोपल्यासारखी दिसत होती. जवळून बघणाऱ्याला त्याहून वाईट काहीतरी वाटलं असतं.

"पोरीला सांगा," बायको म्हणाली.

"चाचणी चालू असताना वस्तू बनवणाऱ्याला काही सांगायचं नसतं. नियम आहे."

"तुमची पोरगी आहे ते, कारखाना नाही."

"म्हणूनच नाही सांगायचं."

माझा बेत होता आठवडाभर गोण्यांसह चालवायची, मग गोण्या काढून चालवायची आणि दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडायचे. बेत छान होता. पण चढवणारे गडी होते, उतरवणारा मी एकटा. पहिलीच गोणी उचलायला वाकलो आणि कमरेत अशी चमक भरली की मी बेल्टच्या आधारानं उभा राहिलो. मौरंगवाल्याकडे जाऊन "भैया, आता उतरवून द्या" म्हणायला लाज वाटली. तो आधीच मला वेगळ्या नजरेनं बघत होता. त्यामुळे गोण्या गाडीतच राहिल्या. मी त्यांना घेऊन बाजारात गेलो, बँकेत गेलो, एकदा लग्नाच्या स्वागत समारंभालाही गेलो. बायको ई-रिक्षानं आली.

गाडीचं मीटर सांगायचं, अजून इतके किलोमीटर जाईल. मी त्यावर विश्वास ठेवत नव्हतो. ज्याची परीक्षा, त्यालाच स्वतःचे गुण लिहायला द्यायचे? हे मीटर लेकीच्या हाताखाली शिकलेलं, ते तिच्याच बाजूनं बोलणार. म्हणून ते "आता चार्ज करा" म्हणालं की मी मुद्दाम पुढं जायचो. अशानंच एका दुपारी चौक नावाच्या जुन्या बाजारात, अगदी गोल दरवाज्याजवळच्या गर्दीत, गाडी कसलाही आवाज न करता थांबली. चालू असतानाही ती आवाज करत नसल्यामुळे ती बंद पडलीय हे समजायला मला वेळ लागला. मागच्या रिक्षावाल्यांना लवकर समजलं.

शिपाई आला. काचेतून आत बघितलं. टोपी सारखी केली.

"पीछे कौन सो रहा है?"

"कोई नहीं."

"कोई नहीं को बेल्ट काहे लगाए हैं?"

"नहीं लगाओ तो गाड़ी चिल्लाती है."

त्यानं दार उघडून दोन बोटांनी फुलाफुलांची चादर उचलली. गोणी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. त्याला बहुधा दुसरं काही सापडलं असतं तर जास्त सोपं गेलं असतं. "और आगे?"

"ये... हमारी मिसेज़ की जगह हैं."

तो चादर परत नीट घालू लागला. मग खाली वाकून हळूच म्हणाला, "मैडम को मालूम है?"

मालूम आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा खरोखर दुःखी झाला. त्यानं चार जणांना हाका मारून गाडी बाजूला ढकलवून दिली. ढकलणाऱ्यांपैकी एकजण मधेच थांबून म्हणाला, "बाबूजी, बरात कहाँ उतरेगी?" चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांच्या एका दुकानदारानं आतून वायर ओढून दिली. गाडीला थोडी तरी धुगधुगी येईपर्यंत मी त्याच्या गादीवर बसलो, आणि दुकानदार असा अदबीचा की चहावर चहा येत राहिला आणि कुर्ते उलगडत राहिले. फुकटची वीज घेणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. घरी येताना गाडीत गोण्या होत्या आणि एक फिका गुलाबी कुर्ता.

"हा कोणत्या गोणीसाठी?" बायकोनं विचारलं.

तिकडे शेडमध्ये काय चाललं होतं, त्याची मला कल्पना नव्हती. मुलगी शेडजवळच्या खोलीत राहत होती, घरी येणं जमत नव्हतं. तिच्या पडद्यावर सगळ्या घरांतल्या गाड्या शहाण्यासारख्या वागत होत्या. एकटी विकास नगरातली गाडी वीज ढोसत होती. इतरांच्या गाड्या एका चार्जमध्ये तीन दिवस फिरत, माझी दुसऱ्या दिवशी दुपारी कोरडी. तिला वाटलं, बॅटरीतच खोट आहे. तिनं त्याच खेपेतल्या दुसऱ्या बॅटऱ्या उघडून एकेक सेल तपासायला घेतले. अधूनमधून फोन यायचा.

"बाबा, एसी फुल पे रखते हो क्या?"

"लावतच नाही."

"खूप जणांना बसवता?"

"एकही माणूस बसवला नाही आजपर्यंत. तुझ्या आईलासुद्धा नाही."

यात अक्षरही खोटं नव्हतं. आणि तिच्या प्रश्नांचा मला वेगळाच वास आला. ही का चौकशी करतेय? बॅटरीत काहीतरी दोष आहे आणि तो हिला माहीत आहे, म्हणून? फोन ठेवल्यावर मी बायकोला म्हणालो, "लपवतेय काहीतरी."

"कोण?" बायको म्हणाली, आणि माझ्याकडे जे बघितलं ते मी त्या वेळी मनावर घेतलं नाही.

मग एका सकाळी फाटकाशी मोठी गाडी थांबली. मुलगी उतरली, मागोमाग शेडचा मालक. पन्नाशीचा, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं तुपासारखं. "आदाब, अंकल. तकलीफ़ दे रहे हैं. गाड़ी ले जाएँगे, खोल के देखेंगे." मुलीचे डोळे जागरणानं लाल होते. तिनं माझ्याकडे न बघता गाडीचं मागचं दार उघडलं.

निळी चादर घसरली.

ती गोणीकडे बघत राहिली. मग दुसऱ्या गोणीकडे. मग पुढच्या दाराशी गेली, तिथल्या दोन बघितल्या. "ये क्या है, बाबा?"

मी नियम सांगितला. गर्दीचा हिशेब सांगितला. छठच्या गाड्या, साडू, सामान, सगळं. बोलताना मला स्वतःला ते पूर्वीइतकं पटत नव्हतं. तिनं एकदा हसायचा प्रयत्न केला, पण ते हसू ओठांशी येऊन परत गेलं. "मी सेल फोडत बसले," ती शुद्ध मराठीत म्हणाली. "रोज. तुम्हाला विचारलं होतं मी."

तरी मला वाटलं, चला, कोडं सुटलं. बॅटरी निर्दोष आहे, वजन होतं म्हणून वीज संपत होती. मुलीचं काम झालं. तेवढ्यात मालक गोणीवर हलकेच हात ठेवून, अगदी गोड आवाजात मुलीला म्हणाला, "बिटिया, ये आज सुबह तो नहीं रखी गईं?"

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. लेकीची बॅटरी नापास होतेय असं दिसल्यावर बापानं सकाळी घाईघाईत गोण्या भरून ठेवल्या. म्हणजे दोष वजनावर जाईल. काय सुरेख संशय! त्याच्या जागी मी असतो तर मलाही हाच आला असता, आणि थोडा आधी. इतकी वर्षं मी लोकांवर संशय घेतला. माझ्यावर कुणी घेतला की कसं वाटतं ते मला माहीतच नव्हतं. मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिला माहीत होतं, की आता मी जे काही म्हणेन ते बापाचं बोलणं ठरणार.

"रोज होत्या हो त्या," बायको स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली, आणि मग मालकासाठी हिंदीत, "मैं खुद इनमें से दो हूँ."

मालक आदरानं वाकला, पण त्याला पटलं नाही. घरच्यांची साक्ष ती घरच्यांची.

मी कमर विसरून गुडघ्यावर बसलो. मागच्या चाकाच्या वरच्या कमानीत हात घातला. तिथं टायर घासून घासून आतला पत्रा चकचकीत झाला होता, कडेनं रबराची काळी पूड बसली होती आणि तिच्यावर धूळ, परत पूड, परत धूळ. "एका सकाळीत एवढं घासत नाही," मी म्हणालो. मालकही खाली बसला. शर्टाची पर्वा न करता त्यानं बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. उठला.

"अंकल, बुरा मत मानिएगा. बोरी बोलती नहीं. आदमी बिठा के देखेंगे. आदमी हमारे."

मी बुरा मानला नाही. मला तो माणूस आवडायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी शेडसमोर, रात्रभर चार्ज केलेल्या त्याच गाडीत मालकानं स्वतः निवडलेली माणसं भरली. चालवायला मी, कारण आधीही मीच चालवली होती. शेजारी मालक, आणि त्याच आसनावर अर्धे त्यांचे जाड हिशेबनीस. मागं वेल्डर, रंगारी, आणखी एक रंगारी, आणि शेडमध्ये जेवण करणारे महाराज, जे मुद्दाम कालचा डबा घेऊन बसले होते. मुलीला मालकानं खाली ठेवलं. ती शेडच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली. तिची बॅटरी राहणार की जाणार, हे आता मी आणि सहा घामेजलेले पुरुष ठरवणार होतो.

सीतापूर रोडवर आम्ही वर-खाली करत राहिलो.

"मुनीमजी, आप साँस बारी-बारी से लीजिए," मागून वेल्डर.

"तू अपना घुटना हमारी पीठ से हटा ले, फिर लेंगे."

"घुटना महाराज का है."

"महाराज का डिब्बा है वो," महाराज म्हणाले. "अचार गिर रहा है."

प्रत्येक खड्ड्यावर मागून टायरची कर्रर ऐकू यायची आणि मालक मान वळवून मागं बघायचा. त्यानं माझ्यावरची नजरही काढली नव्हती. मी एसी गुपचूप लावतो की काय, ब्रेकवर पाय ठेवून चालवतो की काय, सगळं बघत होता. दुपारी समोसे खायला थांबलो तेव्हा त्यानं गाडीची किल्लीसुद्धा स्वतःकडे ठेवली. शेवटी गाडी थांबली ती शेडपासून थोडी अलीकडे, एका ऊसवाल्याच्या टपरीसमोर. सगळे उतरून ढकलत गेलो. मुलीनं पडद्यावरचे आकडे पुढं केले. महिनाभर माझ्या गोण्यांनी किलोमीटरमागं जितकं खाल्लं होतं, जवळजवळ तितकंच आज माणसांनी खाल्लं होतं.

"ये तो हुआ," मालक म्हणाला. "अब हल्की."

पुढच्या दिवशी ती गाडी त्यानं आणि मुलीनं नेली. मला बसू दिलं नाही. "आप बैठे तो आप पर शक होगा," तो हसून म्हणाला, आणि ते खरंच होतं. मी महाराजांशेजारी बाकावर बसून वाट बघत राहिलो. दुपार सरली, गाडी आली नाही. मला वाटलं, बंद पडली कुठंतरी. महाराज म्हणाले, चलती होगी, इसी लिए नहीं आई. ऊन उतरायला लागलं तेव्हा ती धुळीतून आली, कसलाही आवाज न करता, आणि मुलगी उतरली ती दोन्ही हातांनी केस मागं सारत. तिनं जेवढं सांगितलं होतं, त्याहून थोडी जास्तच चालली होती.

मालक पाणी प्यायला, तोंड पुसलं. "छोटी ही रहेगी," तो म्हणाला. मग माझ्याकडे बोट दाखवून, "लेकिन पीछे की स्प्रिंग बदलो. सात आदमी बैठेंगे ही. अंकल जैसे लोग बहुत हैं इस मुल्क में."

इतकं लवकर मान्य केलं म्हणजे त्याच्या मनात पहिल्यापासून लहान बॅटरीच होती, फक्त ती दुसऱ्या कुणी पटवून द्यावी असं त्याला हवं होतं, असा मला दाट संशय आहे. मी तो कुणाला बोललेलो नाही.

मुलगी मला घरी सोडायला निघाली. रिकामी गाडी अशी पळत होती की मला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

"बाकी घरात लोकांनी भाजी आणली," ती म्हणाली. "बच्चे स्कूल छोड़े. तुम्हालाच का सुचलं?"

"तुटायची असेल तर माझ्या हातात तुटावी, म्हणून."

"आणि तुटली असती तर मला सांगितलं असतं?"

"हो."

"कब? डिसीज़न के बाद?"

मी खिडकीबाहेर गहू बघितला.

"पास हुई कि नहीं?" तिनं विचारलं.

"पुढच्या जानेवारीचं धुकं जाऊ दे. थंडीत बॅटरी कशी..."

"बाबा."

"पास," मी म्हणालो.

"काय?"

"अगं, पुढं बघ, म्हैस!"

तिनं ब्रेक दाबला. म्हैस रस्त्याच्या मधोमध येऊन थांबली, आम्हाला न्याहाळलं, आणि तिच्या मागून बाकीच्या एकेक करून जाऊ लागल्या. मुलीनं हॉर्न वाजवला नाही. समोर बघतच म्हणाली, "सुना नहीं मैंने. ज़ोर से."

मी काच खाली केली आणि मोठ्यानं म्हणालो. म्हशींमागून येणारा काठीवाला थबकला, आणि आम्ही निघून जाईपर्यंत संशयानं आमच्याकडे बघत राहिला.